आमच्या नणंदबाई आणि जगाची परीक्षा

माझ्या जिभेला हाड नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात बोलायचं काम माझ्याकडे आणि गप्प बसायचं काम बाकीच्यांकडे, अशी वाटणी माझं लग्न झालं त्याच आठवड्यात झाली. आमचे हे मुळातच अबोल. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या नणंदबाई, त्यांच्याहून दोन पायऱ्या पुढे. मग मुलगी झाली, तर तीही आपणहून त्यांच्याच पक्षात गेली. पाऊल न वाजवता घरभर फिरते म्हणून तिला आम्ही मनी म्हणतो.

नणंदबाईंना मी ताई म्हणते. त्यांनी लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "राहून गेलं." जसं काही दाराला कडी लावायची राहून गेली. एकतीस वर्षं शाळेत भाषा शिकवली, निवृत्त झाल्या आणि पुढच्या खोलीतल्या खिडकीशी जाऊन बसल्या. खिडकीसमोर इस्त्रीवाल्याचं दुकान आहे. ओल्या कपड्यावर इस्त्री फिरली की वाफ उठते, वर पत्र्यापर्यंत जाते आणि विरते. एवढंच. पण ताई ते तासन्‌तास बघू शकतात. मी आतून ओरडते, "ताई, दुधाकडे लक्ष ठेवा." त्या "हो" म्हणतात, उठून शेगडीपाशी येतात, लक्षही ठेवतात, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दूध उतू जातं. बसनं कुठे निघाल्या की दोन थांबे पुढे जाऊन चालत परत येतात, आणि दारातच सांगतात की तिकडे एका बंद घराच्या गच्चीवर कुणीतरी खुर्ची ठेवली आहे. ती कुणी ठेवली असेल, यावर त्यांची सगळी संध्याकाळ निघते.

अशा बाईला सरकारनं नोकरी दिली, हे ऐकून मी हसले होते. काम तात्पुरतं होतं, पण मानाचं. पंधरा वर्षांच्या मुलांना वाचलेलं कळतं का, गणित जमतं का, विज्ञान समजतं का, हे जगभरातली सरकारं दर काही वर्षांनी एकाच मापानं मोजतात आणि मग देशांची यादी लागते. मागे एकदा आमच्या सरकारनं हौसेनं भाग घेतला आणि आम्ही खालून तिसरे आलो. मग दोन फेऱ्या सरकारच्या पोटात दुखत होतं. अभ्यास न झालेल्या पोराच्या पोटात परीक्षेच्या दिवशी दुखतं ना, तसंच. नवीन मंत्री आले, म्हणाले की आरशाला घाबरून कसं चालेल, आणि पुन्हा सही केली. मुलांनी हातानं लिहिलेली उत्तरं तपासायला माणसं हवी होती, आणि त्यातली एक आमच्या ताई.

खऱ्या परीक्षेच्या आदल्या वर्षी तिची रंगीत तालीम होते, तेव्हापासून ताई कामावर जायला लागल्या. शिक्षण खात्याच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक लांब हॉल. लिफ्ट बंद. आठ टेबलं, आठ माणसं, भिंतीला लोखंडी कपाटं आणि दाराशी एक साहेब. आत शिरताना फोन पेटीत टाकायचा आणि पेन्सिल घ्यायची, कारण तिथे शाई चालत नाही. उत्तरपत्रिकेवर टिंबसुद्धा काढायचं नाही. वेगळ्या तक्त्यावर फक्त आकडा लिहायचा. बरोबरला दोन, अर्धवटला एक, भलतंसलतं लिहिलं असेल तर शून्य, आणि काहीच लिहिलं नसेल तर नऊ. शिवाय एका मुलाची अख्खी पत्रिका कुणालाच वाचायला मिळत नाही. आज चौदावा प्रश्न म्हणजे सगळ्यांचा चौदावाच. शेकडो मुलांची तीच तीच चार ओळींची उत्तरं. नावं नाहीत, नुसते क्रमांक.

"म्हणजे शेंगा सोलायचं काम," मी म्हटलं.

"नाही गं," ताई म्हणाल्या. "खूप मुलं एकदम एका खिडकीतून बाहेर बघतायत, आणि प्रत्येकाला वेगळंच दिसतंय, असं वाटतं."

प्रश्न आणि उत्तरं हॉलच्या बाहेर न्यायची नाहीत, असं शपथपत्र त्यांनी लिहून दिलं होतं, आणि ताई म्हणजे ताई, मेल्या तरी बोलायच्या नाहीत. पण अक्षरांबद्दल शपथेत काही नव्हतं. संध्याकाळी पुढच्या खोलीत मनीला शेजारी घेऊन त्या अक्षरांबद्दल सांगत बसायच्या. एक अक्षर ओळ सोडून खाली उतरत जाणारं. एक इतकं बारीक की कागदावर बसायला लाजतंय. एक मुलगा प्रत्येक वाक्य संपलं की थांबतो आणि पेन्सिल टेकवून ठेवतो, त्याचे ठिपके उमटलेले. दुपारी तीनच्या सुमारास ऊन टेबलावर येतं आणि पानं पारदर्शक होतात, मग मागच्या पानावरचं उत्तर पुढच्या उत्तरात मिसळतं, दोन मुलं एकमेकांत शिरतात. मी आत भाजी चिरता चिरता ऐकायची. खोटं कशाला बोलू, मलाही त्याचा नाद लागला होता. एकदा बाजारात पुढे एका बाजूला कलून चाललेला एक मुलगा दिसला आणि मला वाटलं, हाच तो, ओळ सोडून खाली उतरत जाणारा. मी त्याच्या मागे मागे दोन गल्ल्या गेले. घरी आल्यावर कुणाला सांगितलं नाही.

ताईंना एकच खंत होती. शाळेत असताना त्या प्रत्येक वहीत खाली दोन ओळी लिहायच्या. इथे नुसता आकडा. "कुणालाच कळवता येत नाही गं, की वाचलं म्हणून," त्या म्हणायच्या. मनी विचारायची, "तुम्ही आठच जण? सगळ्या देशाचं वाचायला?" ताई म्हणायच्या, "भाषेचं वाचायला आठच. प्रत्येक उत्तर आमच्यापैकी कुणातरी एकाच्या हाताखालून जातंच." मनी मान डोलवायची. माझ्या पोरीच्या डोक्यात काय चाललंय हे मला तेव्हाही कळलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पुढच्या वर्षी मनी पंधराची झाली आणि शाळेतून पत्र आलं. आंतरराष्ट्रीय परीक्षेसाठी शाळेतल्या बेचाळीस मुलांची यादी निघाली होती, त्यात मनीचं नाव होतं. वर सरकारचा शिक्का. मला आभाळ ठेंगणं झालं. मी स्वतः दहावीला गणितात आपटले आणि माझं शिक्षण तिथेच संपलं. मला आयुष्यात कुणी कशासाठी निवडलं नव्हतं. लग्नसुद्धा आधी माझ्या चुलत बहिणीचं ठरत होतं. आणि माझी पोर, जिला पास होतानाच घाम फुटतो, ती देशातर्फे बसणार होती. शाळेनंही फलकावर बेचाळीस नावं लावली आणि वर मोठ्या अक्षरात अभिनंदन लिहिलं. मी फलकाचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

ताईंनी त्याच संध्याकाळी पत्राचं दुसरं पान माझ्यासमोर धरलं. "अगं, यात लिहिलंय बघ. पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांची यादी करतात आणि मशीन त्यातली कुठलीही बेचाळीस काढतं. हुशार, मठ्ठ, सगळी. तशी काढली नाहीत तर देश कसा आहे ते कळणारच नाही."

"हो का," मी म्हटलं. "मग शेजारच्या घरातली का नाही निघाली? ती पहिली येते वर्गात."

"चिठ्ठी आहे ती. नाही निघाली."

"ताई, तुम्हाला चांगलं काही बघवतच नाही."

पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी आणखी दोनदा सांगितलं, मी आणखी दोनदा त्यांना गप्प केलं. मनी दाराशी उभी होती. मी तिला जवळ घेऊन इतकं कौतुक केलं की तिला काही म्हणायला जागाच उरली नाही.

परीक्षा झाली. मनीला विचारलं, कशी गेली? म्हणाली, "लिहिलं सगळं." पत्र आल्यापासून मी परगावच्या त्या मोठ्या निवासी शाळेचं घोकत होते, आता त्याच उत्साहात तिचा फॉर्म भरला. तिथे अकरावी-बारावी आणि वरच्या परीक्षांची तयारी, पहाटे पाचला उठवतात, महिन्यातून एकदा घरच्यांची भेट. सरकारच्या पत्राची प्रत मी फॉर्मला जोडली, अर्थात पहिल्याच पानाची. तिथल्या कारकुनानंही ती वाचून भुवया उंचावल्या आणि प्रवेश झाला. सोमवारी सकाळी मनीनं निघायचं ठरलं. हे नुसतं एवढंच म्हणाले, "तिला विचारलंस का?" मी म्हटलं, "विचारायचं काय त्यात? जगानं निवडलंय तिला."

इकडे खरी तपासणी सुरू झाली होती. भाचीच्या शाळेचं नाव यादीत आहे, हे ताईंनी पहिल्याच दिवशी साहेबांना सांगितलं होतं. साहेब म्हणाले होते, हजारो पत्रिका आहेत, क्रमांकावरून तुम्हाला काही कळायचं नाही. पण एखादी ओळखू आलीच तर नियम ठाऊक आहे ना? नियम असा की पेन्सिल खाली ठेवायची, सांगायचं आणि उठायचं. एकाच मुलाची उत्तरं सगळ्या गठ्ठ्यांत विखुरलेली, त्यामुळे एकदा उठलं की त्या फेरीपुरतं संपलं.

मनी निघायच्या आधीच्या गुरुवारी ताई दुपारी बारालाच घरी आल्या. बसमधून थेट आमच्याच थांब्यावर उतरल्या होत्या, यावरूनच मला शंका यायला हवी होती.

"आज लवकर?"

"सुट्टी दिली."

"कधीपर्यंत?"

"संपलंच माझं काम."

मला वाटलं, बसल्या असतील वाफेकडे बघत आणि शंभर आकडे चुकवले असतील. तसं मी बोललेही. त्यांनी ऐकून घेतलं, खिडकीशी जाऊन बसल्या आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. जेवायला हाक मारली तर येत, पुढ्यातलं खात, परत जात. इस्त्रीवाल्याची वाफ चढत होती, विरत होती. शनिवारी दुपारी मी मनीची बॅग आवरत होते. घरात इतकं शांत होतं की कपड्याची घडी घातल्याचा आवाज येत होता. मध्येच मला असं वाटलं की मी हे सगळं आधी कधीतरी पाहिलंय. हीच बॅग, हेच ऊन, कुणीतरी जातंय आणि कुणीच का म्हणून विचारत नाहीये. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ताई समोर उभ्या होत्या.

"तिला पाठवू नकोस," त्या म्हणाल्या.

वीस वर्षांत त्यांनी मला कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं. घराचा रंग मी ठरवला, पडदे मी ठरवले, त्यांच्या खोलीतलं कपाट कुठे ठेवायचं तेही मीच ठरवलं.

"का?"

"सांगता येत नाही."

"सांगता येत नाही म्हणजे?"

"येत नाही. पण पाठवू नकोस. एवढं माझं ऐक."

"कारण सांगा, मग ऐकते."

त्या नुसत्या उभ्या राहिल्या. आणि माझा तोल गेला. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला पोर नाही. पोराला पुढे ढकलताना आईला काय होतं, ते खिडकीत बसून कळायचं नाही. तुमचं सगळं राहून गेलं, म्हणून माझ्या मुलीचंही राहून जावं असं वाटतंय का तुम्हाला?"

बोलले आणि त्याच क्षणी जीभ चावली, पण सुटलेला शब्द कुणाला परत घेता आलाय? ताई रागावल्या नाहीत. त्यांनी नुसतं बॅगेवरचा एक मोजा उचलला आणि त्याचा जोडीदार शोधायला लागल्या. तो त्यांच्या हातातच होता.

"आई, आत्याला सांगता येत नाही," मागून मनी म्हणाली. ती कधी आत आली ते मला कळलं नव्हतं. "तिनं शपथ घेतलीय. मी नाही घेतली."

मग तिनं सांगितलं. परीक्षेत भाषेचे लांब उत्तराचे नऊ प्रश्न होते. तिनं नऊच्या नऊ ठिकाणी प्रश्नाचं उत्तर न लिहिता आत्याला पत्र लिहिलं होतं. तेच पत्र, नऊ वेळा.

"नऊ वेळा कशाला?"

"आठ जण वाचतात ना, म्हणून एक जास्त. एक तरी आत्याला मिळेल."

काय लिहिलं होतंस, असं मी विचारलं. मनीनं पाठ केलेली कविता म्हणावी तसं खाली बघत म्हणून दाखवलं. नऊदा लिहिलेलं, पाठ होणारच. "आत्या, मला कुणी निवडलेलं नाही, चिठ्ठी निघाली, हे तू आईला पटव. मी सांगितलं तर तिला वाईट वाटेल, ती खूप खूश आहे. मला त्या शाळेत जायचं नाही. तिथे सगळे खरंच निवडलेले असतील."

मी खाटेवर बसले. मोज्यांवरच बसले बहुतेक. गेले दोन महिने ती माझ्यासमोर जेवत होती, माझ्या हातून वेणी घालून घेत होती, आणि मला वाईट वाटू नये म्हणून एवढंसं वाक्य सांगायला तिला सरकारच्या परीक्षेतून, शिक्के मारलेल्या गठ्ठ्यातून, तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमधून जावं लागलं होतं. घरात हाकेच्या अंतरावर आई होती. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"ताई, तुम्ही मला नुसती खूण केली असती तरी," मी म्हटलं.

"कशी करणार? मुलांनी विश्वासानं लिहिलेलं असतं गं ते. एकीचं बाहेर काढलं की सगळ्यांचं काढल्यासारखं होतं." मग त्या म्हणाल्या, "चौदावा प्रश्न होता. पहिला शब्द वाचला आणि अक्षर ओळखलं. पुढचं वाचायला नको होतं. पण वाचलं. तेही साहेबांना सांगितलं."

"मग त्याला आकडा किती दिलात?"

"मी नाही दिला. मी उठले. दुसऱ्या कुणीतरी शून्य दिलं असेल. तेच बरोबर आहे."

त्या शपथेपायी ताईंचा हॉल गेला. पुढे यादी लागली, आम्ही खालून पाचवे आलो, आणि सरकारनं पुन्हा आरसा भिंतीकडे वळवून ठेवला. म्हणजे पुढची फेरी नाही, तपासणी नाही, दुपारी तीनला टेबलावर येणारं ऊन नाही. त्या कधी याबद्दल बोलल्या नाहीत. पण हे सगळं नंतरचं.

त्या शनिवारी मी डोळे पुसले आणि मनीला समोर बसवलं. म्हटलं, "बरं, नाही जायचं. सोमवारी मी त्या शाळेत फोन करते, नातेवाइकांनाही मीच सांगते की चिठ्ठी होती म्हणून. आता तू सांग. तुला काय करायचंय?"

पंधरा वर्षांत हा प्रश्न मी तिला पहिल्यांदा विचारत होते. मनीनं आत्याकडे बघितलं. विचारत मी होते, आणि ती उत्तर तिकडे न्यायला निघाली होती.

ताईंनी ते पाहिलं. त्या हातातल्या मोज्यांची जोडी बॅगेवर ठेवून बाहेर गेल्या आणि जाताना त्यांनी दार ओढून घेतलं. आम्ही दोघीच उरलो. माझ्या जिभेवर दहा गोष्टी आल्या, हे कर, ते कर, अमुक चांगलं, तमुक चांगलं. मी एकही बोलले नाही. ती सांगायला लागेपर्यंत मी तशीच बसून राहिले.